घोडी शाळेत आली ते वर्ष

मी गणिताची शिक्षिका. आयुष्यात कधी बसच्या मागेसुद्धा धावले नाही. एसटी चुकली तर पुढची येईपर्यंत ओतूरच्या स्टँडवर भाजलेल्या शेंगा खात बसायचं, हा माझा स्वभाव. अशा बाईच्या गळ्यात त्या जूनमध्ये मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मुलींचा खो-खो संघ मारला. खेळाच्या शिक्षकांची जागा रिकामी होती आणि रिकामी जागा दिसली की सरांची नजर आधी माझ्याकडे वळते. मी म्हटलं, सर, मला खो-खोतलं काही कळत नाही. ते म्हणाले, "तुमचा आवाज मोठा आहे. बाकीचं मुलींना कळतं." या बोलण्याचा मला बरेच दिवस राग होता, पण ते खरं निघालं.

आमची शाळा गावाची आहे. गावाने वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी दगडमाती वाहिली आणि ती उभी केली. त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस तिच्याकडे स्वतःच्या गोठ्याइतक्याच हक्काने बघतो. येता-जाता डोकावतो, पत्रा वाजला तर चौकशी करतो, पायरीवर रेंगाळणारं पोर दिसलं तर आत हाकलतो. नवीन होते तेव्हा मला याचा संताप यायचा. मी फळ्यावर समीकरण सोडवत असायची आणि खिडकीतून आवाज यायचा, "बाई, जरा मोठं लिवा. मागच्या पोरांला दिसंना." माझं माहेर निरगुडसरचं, तिकडेही सगळे शेतकरीच. पण इतकी हक्क गाजवणारी माणसं मी लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आल्यावरच पाहिली. आता मात्र दोन दिवस खिडकीत कोणी दिसलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

ते वर्षच भरभरून गेलं. सातवीतल्या दोघींनी विज्ञान प्रदर्शनासाठी बिबट्याला पळवून लावणारा भोंगा केला. तो बिबट्याला कधी वाजला नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला आणि म्हशीला वाजला. गावाने यथेच्छ शिव्या घातल्या आणि तालुक्यात बक्षीस मिळाल्यावर त्याच गावाने पेढे वाटले. आमच्या भागात ऊस आहे तिथे बिबट्या आहे. म्हणून पोरं घरी जाताना घोळक्याने आणि मोठमोठ्याने काहीतरी म्हणत जातात. त्या वर्षी आठवीच्या वर्गाने पाढे म्हणत जायचं ठरवलं. मला जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते बिबट्याने करून दाखवलं. आठवीतल्या एकूण एक पोराला एकोणतीसचा पाढा यायला लागला, आणि श्रेय मात्र मी घेतलं.

पण मला सांगायचं आहे ते दहावीतल्या एका मुलीबद्दल. ती वाड्यावरची. वाडा म्हटलं की शहरातल्या माणसाला दगडी घर आठवतं. आमच्याकडचा वाडा चालतो. मेंढरांचे कळप, त्यांच्याबरोबरची बिऱ्हाडं, घोड्या, कुत्री, कोंबड्या, हे सगळं मिळून वाडा. दिवाळी झाली की तो माळशेज घाट उतरून कोकणात जातो. तिकडे भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात आणि खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. पाऊस तोंडावर आला की वाडा घाट चढून परत येतो. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवरच्या बऱ्याच घरांनी मेंढरं सोडून शेती धरली आहे, हिच्या घराने धरून ठेवली आहेत. आजी-आजोबा बारा महिने घरीच असतात, म्हणून आजवर दिवाळीनंतर ती त्यांच्यापाशी राहून शाळेत येत होती.

काय धावायची ती! मी उद्गारवाचक चिन्ह सहसा वापरत नाही, मुलांच्या वह्यांतली खोडून टाकते, पण हे राहू दे. ती जोरात धावायची असं नाही, तिच्याहून वेगाने धावणाऱ्या मुली होत्या. तिला पकडायला गेलेली मुलगी जिथे हात टाकायची तिथे ती नसायची, एवढंच. खांबाला वळसा घालताना ती अशी झुकायची की आता पडणार असं वाटून मी दरवेळी डोळे मिटायची. उघडायची तेव्हा ती पलीकडे उभी राहून ओढणी नीट करत असायची. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "कोकरू धरायचं आसलं की आसंच पळाया लागतं, मॅडम. फकस्त हितं मी कोकरू हाय."

तालुक्याचे सामने भर पावसात झाले. मैदान म्हणजे चिखलाचं भांडं. आमच्या मुली अनवाणी खेळल्या आणि जिंकल्या. मी छत्री घेऊन कडेला उभी राहून ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत नाही. त्यानंतर जिल्ह्याचे सामने झाले. समोर बूट, टोप्या, वेगळे प्रशिक्षक असलेले शहरातले संघ. आमच्या मुली आधी दबल्या. मग आमची कर्णधार, एका कांदेवाल्या शेतकऱ्याची पोरगी, भारी फटकळ, ती म्हणाली, "बुटांना घाबरताय का पोरींना?" त्या एका वाक्याने त्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. अंतिम सामन्यात वाड्यावरची पोर संरक्षणाला उतरली आणि शिट्टी होईपर्यंत हातालाच लागली नाही. आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. त्या ट्रॅक्टरवर मलाही चढवलं, आणि खाली उतरवायला चार माणसं लागली यावर गाव अजून हसतं.

मिरवणूक संपल्यावर ती माझ्याजवळ आली. विभागाचे सामने दिवाळीनंतर होते. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या जागी दुसरी घ्या. मी आवंदा वाड्यासंगं जाणार." मी म्हटलं, आणि दहावी? दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाडा परत येणार पावसाच्या तोंडावर. म्हणजे दहावी गेली. आमच्याकडे एकदा हातातून गेलेली दहावी परत येत नाही, मुलींची तर नाहीच. मला इतका राग आला की मी तिलाच ओरडले.

कारण साधं होतं. वाड्यावर पुरुष मेंढरं घेऊन पुढे जातात. बिऱ्हाड घोडीवर लादायचं, घोडी हाकत पुढच्या मुक्कामाला न्यायची, तिथे उतरवून चूल पेटवायची, हे काम बायांचं. मुक्काम दोन-तीन दिवसांनी हलतो, म्हणजे लादणं-उतरवणं सारखं चालू. त्याला दोघी लागतात. एकीने घोडी धरायची, दुसरीने दोर आवळायचा. आजवर तिची आई आणि थोरली बहीण हे करायच्या. थोरलीचं लग्न उन्हाळ्यात झालं. त्याच मांडवात धाकट्या चुलत्याचंही लग्न झालं, म्हणजे घरात एक बाई गेली तशी एक आलीही. पण घोडीला ते मान्य नव्हतं. भुऱ्या रंगाची, कान कायम मागे पाडलेली, कमालीची खाष्ट घोडी. या मायलेकी सोडून कोणालाही अंगाला हात लावू देत नसे. नव्या चुलतीने पहिल्याच दिवशी दोर धरायला हात पुढे केला तर दंडाला चावली. तेव्हापासून चुलती तिच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

हे ऐकल्यावर गाव स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. जिल्ह्यात पहिला आलेला संघ मोडायला निघालाय म्हटल्यावर शाळेत सभाच भरली. मुलीच्या वडिलांना बोलावलं. उंच, कमी बोलणारा माणूस, फेटा गुडघ्यावर काढून ठेवून बसला. म्हणाला, "पोरगी शिकाया माझी काय ना न्हाई. पर घोडी कोण धरणार, ते सांगा."

मग एकेक जण मदतीला उठला. एकाने स्वतःची पिकअप देऊ केली. वडील म्हणाले, आमी जातो तिथं तुमची पिकअप जात न्हाई, भाऊ. दुसऱ्याने त्याहून कडी केली. त्याच्या मेहुण्याकडे लग्नात नवरदेवाला मिरवायची घोडी होती, लई गरीब, लहान पोरानेही धरावी अशी. ती तो दुसऱ्या दिवशी खरोखर घेऊन आला. घोडी गरीब होतीच. पण तिला एका जागी उभं राहून नाचायचं तेवढं माहीत होतं, आणि ओझं पाठीवर पडताच तिने मान खाली घालून जी बैठक मारली ती उठेचना. वडिलांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पावणं, हिला घाट उतरवायचा म्हंजे वाजंत्री संगं न्यावी लागंल," म्हणाले आणि निघून गेले.

तोडगा काढला कर्णधाराने. मला म्हणाली, "मॅडम, माणसं बदलायची न्हाईत तर घोडीची खोड बदलू. दिवाळीच्या सुट्टीत आपला सराव हाय. घोडी आणि काकीला मैदानावर आणू." मी म्हटलं, मोठे सर काय म्हणतील? मोठ्या सरांनी चष्मा पुसत विचारलं, "कुठल्या तुकडीत बसवणार?" म्हणजे परवानगी मिळाली.

अशी ती घोडी शाळेत आली. तिच्यामागून, चांगलं अंतर राखून, चुलती. माझ्या दहावीच्या मुलींहून थोडीच मोठी. वडील टेम्पो चालवणारे, माहेरी मेंढरं आजोबांच्या काळातच सुटलेली, नववीपर्यंत शाळेत गेलेली. नववीनंतर घरी बसवली आणि पुढे स्थळ आल्यावर लग्न लावून दिलं. मी नाव विचारलं तर इतकं हळू सांगितलं की दोनदा विचारावं लागलं.

मुलींनी दोन्ही कामं एका वेळी उरकायचं ठरवलं. एका बाजूला खो-खो, त्याला लागूनच निंबाखाली घोडी. चुलतीला पुतणीची जुनी ओढणी पांघरायला दिली, वासाने तरी घोडी फसेल म्हणून. फसली नाही, पण चावलीही नाही. मग रोज थोडं थोडं. आधी नुसतं शेजारी उभं राहायचं. मग उसाचं वाढं खायला घालायचं. मग मानेवर हात. मग रिकामं खोगीर. मग त्यावर वाळू भरलेली पोती, संघातल्या दोघीतिघींची दप्तरं आणि एकदा, मी पाठ फिरवलेली असताना, कर्णधार स्वतः. गावातली रिकामी माणसं बांधावर बसून सूचना देत होती. मी त्यांना हाकलून लावलं. मोठा आवाज असण्याचा उपयोग असा होतो.

ती चुलती हळूहळू मोकळी होत गेली. पदर खोचून मुलींच्यात बसायला लागली. गडी कमी पडला तर पाटीवर बसायची. एकदा तिला 'खो' मिळाला तेव्हा अशी उसळली की सगळ्या बघतच राहिल्या. आणि त्या दिवसांत कोणाच्या लक्षात न येता एक गोष्ट झाली. मैदानावर दिवसभर 'खो' 'खो' चाललेलं. तो शब्द झाला की कोणीतरी धावतं, हे घोडीने शंभर वेळा पाहिलं. चुलतीही त्याच तालात दोर ओढायची आणि मुलींसारखं 'खो' म्हणायची. घोडी निघायची. आम्हाला त्याचं इतकं कौतुक की विचारू नका. सुट्टीच्या शेवटी घोडी चुलतीच्या हाताने लादून घ्यायला लागली, तिच्या मागून मैदानाला फेऱ्या घालायला लागली. फक्त एक, 'खो' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही.

वडिलांना दाखवलं. त्यांनी दात चावून आवाज काढला, जिभेने टकटक केलं, वाड्यावरची जनावरं ज्याला उठतात ते सगळं करून पाहिलं. घोडी ढिम्म. मग मुलींनीच एका सुरात 'खो' म्हटलं आणि घोडी चुलतीच्या मागून चालली. "माझ्या घोडीला शाळंत घातली व्हय तुमी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ऱ्हाऊ दे पोरगी." मुलींनी एकच कल्ला केला.

वाडा निघाला त्या सकाळी सगळा संघ वस्तीवर गेला, मीही गेले. मेंढरं रस्त्याला लागली होती. बायांच्या घोड्या ओळीने उभ्या होत्या. आमच्या घोडीवर खोगीर, पोती, भांडी, मेंढरं कोंडायची जाळी आणि सगळ्यांत वर टोपलीत दोन लहान कोकरं. दोर चुलतीच्या हातात. पुढे तिचा थोरला दीर, म्हणजे मुलीचे वडील. त्यांच्याजवळ वाड्याचा कारभारी, घरातलाच थोरला म्हातारा, चुलतीचा चुलतसासरा. वाड्यात त्याच्या शब्दावाचून काठी हलत नाही. चुलतीने पदर कपाळापर्यंत ओढला होता.

बाकीच्या घोड्या निघाल्या. आमची उभीच. चुलतीने दोर ओढला, ती जागची हलली नाही. आणि तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ज्या घरात नवी सून थोरल्या दिरासमोर, सासऱ्यासमोर मान वर करून बोलत नाही, त्या घरातल्या घोडीला आम्ही ओरडल्याशिवाय न चालायची शिकवण दिली होती. सरावाला मैदानावर सगळ्या बायकाच होत्या, तिथे हे कोणाच्या मनातही आलं नाही. चुलतीने ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही, घोडीलाही नाही.

मागच्या घोड्या खोळंबल्या. कारभाऱ्याने वळून पाहिलं. आमच्या कर्णधाराला राहवलं नाही, ती 'खो' म्हणून ओरडली. घोडी चार पावलं गेली आणि पुन्हा थांबली. आता कर्णधाराला काही घाटापर्यंत न्यायचं नव्हतं. वाड्यातले पुरुष हसले. वडील मात्र हसले नाहीत. ते मुलीकडे वळून एवढंच म्हणाले, "धर."

ती शाळेच्या गणवेशात होती, तिथूनच पुढे सामन्याला जायचं म्हणून दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या घरचा संसार त्या घोडीवर होता. ती पुढे गेली आणि तिने दोराला हात घातला. चुलतीने दोर सोडला नाही. क्षणभर दोघींच्या हातात एकच दोर होता.

मग चुलती ओरडली. पदर डोक्यावर तसाच, नजर खाली मातीत, आणि आवाज असा की पार पुढची मेंढरं बिचकून बाजूला झाली. "खो!" घोडी निघाली. चुलती तिच्याबरोबर निघाली. थोड्या अंतरावर घोडी पुन्हा अडली आणि पुन्हा तोच आवाज आला, या वेळी जरा कमी लाजलेला. कोणी हसलं नाही. कारभारी ती शेजारून जाईपर्यंत बघत होता. मग त्याने काठी टेकली आणि म्हणाला, "आवाज बरा हाय सूनबाईचा. कुत्र्यांस्नी बी उपेगी पडंल." वाडा वळणापलीकडे गेला तरी आम्हाला मधूनमधून 'खो' ऐकू येत होता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. मुलींसमोर रडले, त्याचं मला काही वाटलं नाही.

विभागाच्या सामन्यात आम्ही उपांत्य फेरीत हरलो. पंचांनी एक बाद चुकीचा दिला असं माझं आजही ठाम मत आहे आणि ते मी तेव्हा त्यांना सांगितलंही. मुलींनीच मला हाताला धरून बाजूला नेलं. त्या रडल्या नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी भडंग खाल्लं, गाणी म्हटली आणि ओतूर यायच्या आधी सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. त्यांच्याकडे बघत मी विचार करत होते की आपल्याला उगाचच मोठ्या सरांचा राग आला होता.

जानेवारीत दहावीची सहल भीमाशंकरला गेली. देवदर्शन झालं, झाडावर शेकरू दिसलं म्हणून आरडाओरडा करून पोरांनी ते पळवूनही लावलं. मग आम्ही कड्यावर गेलो. खाली सगळं कोकण पसरलेलं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "हितंच खाली कुठं तरी वाडा आसल आमचा," म्हणाली. तेवढ्यात तिने माझा फोन मागितला, रेंज आहे का पाहिलं आणि आईला लावला. पलीकडून पहिलंच वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं, "काल धडा आर्धा ठिवलास. त्या पेशीचं फुडं काय झालं?"

मला उमजेना. मग तिने सांगितलं. वाडा गेल्यावर आई रोज संध्याकाळी आजोबांच्या फोनवर फोन करायची. बोलायला रोज नवीन काय असणार? जेवलीस का, आजीचा गुडघा कसा आहे, संपलं. पण आईला फोन ठेववायचा नाही. म्हणायची, काय बी बोल, पर बोलत ऱ्हा. मग ती पुस्तक उघडून दिवसाचा धडा वाचून दाखवायला लागली. मराठी, इतिहास, विज्ञान, जे हातात असेल ते. चुलीपाशी आई भाकरी थापायची, चुलती फोन धरून बसायची. एखादी गोष्ट कळली नाही तर चुलती मध्येच थांबवून विचारायची, आणि उत्तर द्यायचं म्हणून हिला ती नीट समजून घ्यावी लागायची. मी वर्षभर सांगत होते की मोठ्याने वाचा, समजून वाचा. हिने ते माझं ऐकून नाही, आईसाठी केलं. चाचणी परीक्षेत हिचे गुण कशाने वाढले याचं कोडं मला तिथे कड्यावर सुटलं.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा आमचा सगळा वर्ग पास झाला आणि ही पहिल्या वर्गात. गावाने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मुलांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि शुभेच्छुकांचे ताटाएवढे. तरी त्या गर्दीत कर्णधाराने तिला बोट धरून तिचा फोटो शोधून दाखवला. ओतूरच्या कॉलेजात अकरावीला जायचं दोघींनी ठरवून टाकलं होतं.

पावसाच्या तोंडावर वाडा परत आला. शाळेत सत्कार ठेवला होता. वडील पहिल्या रांगेत, फेटा या वेळी डोक्यावर. भाषणं लांबली. गावाची शाळा म्हटल्यावर प्रत्येकाला बोलायचं असतं, आणि प्रत्येकाच्या भाषणात ती घोडी येत होती. मी कंटाळून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. तिथे चुलती आली, मुलीच्या आईबरोबर. उन्हाने रापली होती. पदर डोक्यावर होता, पण कपाळापर्यंत नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "त्यो सतरा नंबरचा फार्म कवा निघतो?"

शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. पावसाळ्यात निघेल, मी सांगितलं. मला वाटलं, माहेरचा भाऊबिऊ असेल. "कोणाला बसवायचंय?"

"मला." तिने नळ सोडला, ओंजळ धरली, पण प्यायली नाही. "धडे तर समदे ऐकून झाल्यात. पेपर लिवायचा तेवढा ऱ्हायलाय."

मी तिच्या जावेकडे पाहिलं. पुढच्या दिवाळीनंतर वाडा परत जाणार, मुलगी कॉलेजात, आणि परीक्षा ऐन कोकणातल्या मुक्कामात. घोडीला दोघी लागतात हे त्या बाईइतकं कोणाला माहीत असणार? ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "भूमिती तेवढी फोनवर कळत न्हाई, बाई. आकृत्या दिसत न्हाईत. वाडा हाय तवर ती तुमी शिकवा हिला."

मी उद्यापासून या म्हटलं.